आईच्या गुडघ्याने आखलेली वाट

माझे आजोळ खानापूर तालुक्यात, जांबोटीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत आहे. गावाचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या वाटेविषयी सांगायचे आहे तिचा बराचसा भाग लोकांच्या शेताच्या बांधावरून जातो आणि ते बांध आम्हाला निव्वळ ओळखीवर चालायला मिळाले आहेत. बेळगावहून खानापूर 26 किलोमीटर आणि तेथून पुढे थोडे, एवढेच अंतर असूनही आम्ही बेळगावच्या वडगावात राहणारी मंडळी वर्षातून दोनदाच तिकडे जातो, एकदा जत्रेला आणि एकदा सुगीला. गेल्या सुगीला मात्र मी एक निराळे काम मनाशी धरून गेलो होतो. घरातल्या सगळ्यांनी मिळून एक सकाळ रानातून आणि शिवारातून पायी फिरावे, आणि निघालो तेथेच दुसऱ्या अंगाने येऊन पोहोचावे, असे मला वाटत होते. दुसऱ्या अंगाने, हे महत्त्वाचे. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे आणि जाताना तो कितीही चालतो, पण आल्या वाटेने परत फिरायचे म्हटले की रस्त्यातच बसकण मारतो. मुलगी अकरा वर्षांची असून ती बसत नाही, तोंड मात्र फुगवते.

आई 72 वर्षांची आहे. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली की अशी वाट आहेच, आम्ही मुली रोज जात होतो. रवळनाथाच्या देवळापासून खाली नाल्यावर धुणी घेऊन जायचे, नाल्याच्या काठाने वळसा घालायचा आणि देवाच्या रानातून सरपण वेचत वर यायचे. सगळा मिळून अर्ध्या तासाचा फेरा. मी त्या अर्ध्या तासावर विश्वास ठेवला, ही माझी पहिली चूक. साठ वर्षांपूर्वीच्या अर्ध्या तासाचे आज किती होतात याचा हिशेब मी केलाच नाही, आणि ती वाट अजून जागेवर आहे का, हेही कोणाला विचारले नाही.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही पाच जण देवळापासून खाली निघालो. दव इतके पडले होते की बांधावरच्या गवताने पावले घोट्यापर्यंत भिजली आणि पहिल्या शंभर पावलांतच मुलगा दोनदा घसरला. नाल्याच्या अलीकडच्या कोपऱ्यावर पोहोचलो तर समोर ऊस उभा होता. आईच्या आठवणीत तेथे भाताची खाचरे होती आणि खाचरांच्या बांधावरून वाट जात होती; आता कोपऱ्यापासून नाल्यापर्यंत सलग ऊस, आणि उसाच्या कडेने लाकडी खुंटांना बांधलेली बारीक तार. गवे आणि रानडुकरे आत शिरू नयेत म्हणून सौर पेटीवर चालणारी ही झटक्याची तार आता आमच्याकडच्या शिवारांत जागोजाग दिसते. दिवसा ती बंद असते असे म्हणतात, पण हात लावून पाहायला कोण जाणार? मी मुलाचा हात घट्ट धरला आणि सगळ्यांना मागे वळायला सांगितले. पुढचा तपशील सांगण्यासारखा नाही. मुलगा माझ्या खांद्यावर होता, मुलगी वीस पावले मागे होती, आणि आई काही न बोलता घरी येऊन ओट्यावर बसली व गुडघ्याला तेल चोळू लागली.

मामांनी मला बाजूला घेऊन सुनावले. “आधी कुणीतरी बघून यायचं न्हवं? म्हातारं माणूस आन् पोरं घिऊन असं कुणी जातंय व्हय?” मामांचे वय 68 आहे आणि त्यांचा जन्म याच शिवारात गेला आहे. त्यांचे म्हणणे बरोबरच होते.

पुढच्या शनिवारी मी एकटाच गेलो आणि मामांबरोबर वाट शोधायला निघालो. खरे तर ह्या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त आनंद त्या दिवशी मिळाला, आणि सर्वांत जास्त शिकायलाही त्याच दिवशी मिळाले. फोनवर अंतर मोजण्याची सोय आहे म्हणून मी निर्धास्त होतो, परंतु दाट झाडीत शिरल्यावर फोनवरची रेघ वेड्यासारखी इकडून तिकडे उड्या मारू लागली आणि घरी परतेपर्यंत त्याने 4.6 किलोमीटर दाखवले. मामांना ते पटेना. मग आम्ही मोठ्या रस्त्यावर किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये माझी पावले मोजली, ती 1,420 भरली; त्यानंतर तोच फेरा पुन्हा एकदा पावले मोजत घातला, तेव्हा 5,400 पावले झाली, म्हणजे 3.8 किलोमीटर. पाच वर्षांच्या मुलाच्या आणि बहात्तर वर्षांच्या बाईच्या दृष्टीने हा पाऊण किलोमीटरचा फरक लहान नाही.

अंतरापेक्षा अवघड प्रश्न दिशेचा होता. माझा विचार असा होता की आईने सांगितल्याप्रमाणे आधी खाली शिवारात उतरावे आणि शेवटी रानातून वर यावे. मामांनी तो क्रम साफ उलटा करून टाकला आणि त्याची तीन कारणे दिली. पहिले कारण दवाचे. डिसेंबरात बांध साडेनऊच्या आत सुकत नाहीत, त्यामुळे बांध शेवटीच ठेवले पाहिजेत. दुसरे कारण गव्यांचे. रात्री शिवारात चरायला उतरलेले गवे उजाडताना रानात परततात, म्हणून आठच्या आत रानाच्या कडेला जायचे नाही. साडेआठला निघालो तर ते आत लांब गेलेले असतात. तिसरे कारण आईच्या गुडघ्याचे होते, आणि ते मला सुचलेच नसते. देवराईच्या बाजूने माळावर जाणारी चढण उभी आहे, जांभ्या दगडात नैसर्गिक पायऱ्यांसारखे टप्पे आहेत. नाल्याच्या बाजूची उतरण मात्र लांब आणि संथ आहे. दुखरा गुडघा चढताना कमी बोलतो, उतरताना जास्त ओरडतो. म्हणून उभ्या बाजूने चढायचे आणि संथ बाजूने उतरायचे. माळावरच्या एका काजूच्या झाडाखाली बसून मामांनी हे सांगितले तेव्हा मला असे वाटले की वाट आखणे म्हणजे नकाशावर रेघ ओढणे नव्हे, तर सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या सांध्यांचा अभ्यास करणे होय.

राखीव जंगलाचा प्रश्न वेगळाच होता. तालुक्याच्या पश्चिम अंगाला भीमगड अभयारण्य आहे, 2011 साली ते घोषित झाले, आणि त्याच्या बाहेरही वनखात्याचे रान मोठे आहे. परवानगीवाचून त्यात शिरणे योग्य नव्हे आणि मुलांना घेऊन तर मुळीच नव्हे. आमच्या फेऱ्यातले रान म्हणजे गावची देवराई आणि तिच्यावरचा मालकीचा काजूमाळ एवढेच. तरीही मामांनी मला वनरक्षकाकडे नेले आणि त्याने हद्दीचे दगड कोठून कोठे आहेत हे आम्हाला प्रत्यक्ष दाखवले. आमची वाट सर्वांत जवळच्या दगडापासून हाकेच्या अंतरावर, अलीकडच्या अंगाला राहते.

त्यानंतर बांधांच्या मालकांकडे जाणे आले. दोन घरे होती. पहिल्या घरी म्हणाले, चालायला हरकत नाही, पण मळणी झाल्यावर या. खळ्यावर यंत्र चालू असताना लहान मूल नको. दुसऱ्या घरची बाई मसूर पेरून बसली होती. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर आमच्याकडे मसूर, वाटाणा, हरभरा अशी पिके घेतात, आणि तिचा मसूर नुकताच दोन पानांवर आला होता. “बांधावरनं खुशाल जावा, पण पोरास्नी खाली उतरू देऊ नकासा, आन् बांधाच्या कडंवर पाय देऊ नकासा,” असे तिने सांगितले. कडेचे कारण मामांनी मला नंतर समजावले. बांध दरवर्षी पावसाच्या तोंडावर चिखलाने लिंपून घ्यावा लागतो, त्याच्या मधोमध चाललेले त्याला सोसते, पण कडेवर पाय पडला की ढेकूळ सुटते आणि पावसाळ्यात नेमके तेथूनच पाणी फुटते.

घरी मामींनी आणखी एक गोष्ट बजावली, ती गोचिडांची. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात 1957 साली जो माकडताप पहिल्यांदा ओळखला गेला, त्याने अलीकडच्या वर्षांत आमच्या शेजारच्या सत्तरी आणि दोडामार्ग भागांतही माणसे आजारी पाडली आहेत. तो गोचिडांतून पसरतो आणि त्याचा काळ साधारण डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंतचा, म्हणजे नेमका आपण रानात फिरायला निघतो तोच. त्यामुळे पूर्ण बाह्यांचे कपडे, पायमोज्यांत खोवलेली विजार, पाचोळ्यात बसायचे नाही, मेलेले माकड दिसले तर तेथून मागे फिरायचे आणि गावात कळवायचे, आणि घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून कपडे लगेच धुवायला टाकायचे, असे नियम ठरले. मुलीला पायमोज्यांत विजार खोवणे फार लाजिरवाणे वाटले, पण तिथे तिला पाहायला होतेच कोण.

अखेर डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी साडेआठ वाजता आम्ही सहा जण देवळाच्या पारावरून निघालो. पुढे काठी घेऊन मामा, मग मुलगा, त्याच्यामागे पत्नी, मुलगी, आई, आणि सर्वांच्या मागे मी. देवराईपर्यंतची 600 मीटरची गाडीवाट तांबड्या मातीची आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना पिंजराच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गंज्या उभ्या होत्या. आईने प्रत्येक गंजीवरून ती कोणाच्या घरची हे ओळखून दाखवले. मामांनी त्यांतल्या दोन दुरुस्त केल्या. भाताच्या जातींपैकी कोणी इंटाण लावले होते, कोणी इंद्रायणी, आणि बासमती आता गावात दोनच घरे लावतात, असे मामा म्हणाले.

देवराईच्या तोंडाशी एक उभा दगड आहे आणि तेथे चपला-बूट काढावे लागतात. गोचिडांच्या नियमाचे आता काय करायचे, असा पेच पडला. मामींनी तो आधीच सोडवून ठेवला होता. आत फक्त देवापर्यंतची झाडलेली वाट अनवाणी जायची, पाचोळ्यात पाऊल टाकायचे नाही, आणि परत येऊन पाय झटकून बूट चढवायचे. सकाळच्या थंडीत त्या मातीवर पाऊल ठेवले तेव्हा मुलगा एकदम गप्प झाला. आत जांभूळ, हिरडा, ऐन आणि किंजळ यांची इतकी जुनी झाडे आहेत की त्यांचे शेंडे दिसत नाहीत. ऐनाचे खोड सुसरीच्या पाठीसारखे चिरलेले असते, आणि खानापूरच्या वखारीत याच झाडाला मत्ती म्हणतात; किंजळ त्याचाच भाऊबंद, पण डिसेंबरात तो फळांनी तांबूस होऊन उठतो आणि लांबूनही ओळखू येतो. मुलीने खाली पडलेले दोन हिरडे उचलून खिशात टाकले होते. मामांनी काही न बोलता तिच्यासमोर हात पसरला, तिने ते हिरडे त्यांच्या हातावर ठेवले, आणि मामांनी ते जेथून उचलले होते तेथेच परत ठेवून दिले. देवाच्या रानातली काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, हे तिला सांगावे लागले नाही. आईच्या लहानपणी येथून सरपण कसे नेत होते, असे मी हळूच विचारले, तेव्हा दोघा भावंडांनी एकमेकांकडे पाहिले आणि आई म्हणाली, “कडेचं नेत होतो.”

चढणीला आम्ही अर्धा तास घेतला. मी आणि मामा शनिवारी ती दहा मिनिटांत चढलो होतो. आई प्रत्येक टप्प्यावर आधी चांगला पाय ठेवी, मग दुखरा वर घेई. ही युक्ती तिला कोणी शिकवली होती कोण जाणे. निम्म्यावर आम्ही थांबलो, ते मात्र तिच्यासाठी नव्हे तर मुलासाठी. काजूच्या एका खालच्या फांदीवर त्याला पानांचा एक चेंडू दिसला होता. ते लाल मुंगळ्यांचे घर होते, आणि योगायोगाने त्यांचे काम चालू होते. दोन पानांच्या कडा जवळ ओढून धरायला मुंगळ्यांची एक रांग लागली होती. प्रत्येकाचे मागचे पाय एका पानावर रोवलेले आणि जबडा दुसऱ्या पानाच्या कडेला भिडलेला. आतल्या बाजूने काही मुंगळे तोंडात पांढरी अळी धरून तिला ह्या पानावरून त्या पानावर नेत होते आणि पुन्हा मागे आणत होते. धागा त्या अळीच्या तोंडातून निघतो. मोठ्या मुंगळ्यांना तो काढता येत नाही. मुलगी वडगावची, शेजारच्या घरी माग चालू असलेला तिने जन्मापासून पाहिला आहे. ती म्हणाली, “बाबा, हा धोटा आहे.” मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो धोटा. इतके नेमके मला सुचले नसते. आम्ही तेथे किती वेळ उभे होतो ते कोणीच पाहिले नाही. शेवटी एक मुंगळा मुलाच्या मनगटावर चढून चावला आणि रडारडीत ती सभा संपली.

माळावरून काही विशेष सांगण्यासारखे नाही. वारा चांगला होता, काजूला नुकता मोहोर फुटू लागला होता, आणि आम्ही चिरमुरे खाल्ले.

उतरण खरोखरच संथ निघाली. नाल्यात डिसेंबरात घोटाभर पाणी असते, आणि ओलांडायच्या जागी मामांनी शनिवारीच काठीने दगड चाचपून जे डगमगत होते ते बदलून ठेवले होते. आई पाण्याजवळ बसली आणि तिने तोंड धुतले. हे पाणी कोठे जाते, असे मुलीने विचारले. हा नाला मलप्रभेला मिळतो, मलप्रभा कणकुंबीला उगम पावून खानापूरवरून, सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणातून पुढे कुडलसंगमला कृष्णेत जाते, आणि कृष्णा पूर्वेच्या समुद्राला. पण याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र गोव्याकडे उतरून पश्चिमेच्या समुद्राला मिळते. म्हणजे एकाच तालुक्यात पडलेल्या पावसाचे दोन वाटे होतात आणि ते दोन समुद्रांना पोहोचतात, हे ऐकून तिने आभाळाकडे पाहिले, मग आपल्या हातातल्या बाटलीकडे पाहिले आणि उरलेले पाणी नाल्यात ओतून टाकले. त्यामुळे पुढच्या दीड किलोमीटरसाठी आमच्याकडे एकच बाटली शिल्लक राहिली.

बांधांवर पोहोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते आणि गवत पूर्ण सुकले होते. बांधाची रुंदी जेमतेम दीड फूट, त्यामुळे हात धरून चालण्याची सोय नाही. मी काळजीत होतो, पण बांधावर आई आमच्या सगळ्यांपेक्षा पक्की निघाली. तिची पावले आपोआप एकासमोर एक पडत होती. खेकड्यांनी बांधाला पोखरून केलेली बिळे ती आधी पायाच्या अंगठ्याने चाचपत होती आणि “इथं भोक आहे” असे मला मागे सांगत होती; पुढे चालणाऱ्या सर्वांनी ती बिळे सुखाने ओलांडली होती, त्यामुळे ही सूचना फक्त माझ्यासाठी होती. मुलगा दोनदा खाली खाचरात उतरायला निघाला. पहिल्या वेळी त्याला मामांनी अडवले आणि दुसऱ्या वेळी धसकटांनी. मसुराच्या शेताशी तो स्वतःच थांबला आणि वाकून ती दोन-दोन पाने पाहू लागला. मालकीण बाई पलीकडे काम करीत होती. तिने मान वर करून आमची ती रांग पाहिली, आधी बांधाची कड न्याहाळली आणि मग हात हलवला.

शेवटचा 400 मीटरचा तुकडा डांबरी रस्त्याचा आहे आणि तोच सर्वांना जड गेला. ऊन चढले होते, बाटली रिकामी झाली होती, आणि देवळाचा पार समोर दिसत असूनही जवळ येत नव्हता. सकाळी पाराच्या उजव्या बाजूने निघालेले आम्ही डाव्या बाजूने त्याच्याशी पोहोचलो, ही गोष्ट मुलाला मोठी चमत्कारिक वाटली. देऊळ फिरले की आपण फिरलो, असे तो मामांना विचारीत राहिला. घड्याळात 11 वाजून 20 मिनिटे झाली होती. मामींनी नाचण्याची आंबील तयार ठेवली होती, पण ठरल्याप्रमाणे आधी अंघोळ करावी लागली. मुलाच्या पायमोज्यात एक गोचीड सापडली, ती चिमट्याने काढून टाकली. कातडीला ती लागलेली नव्हती.

आईचा गुडघा त्या रात्री दुखला नाही. दुसऱ्या दिवशी थोडा दुखला, पण तिने तेलाची बाटली मागितली नाही यावरून मी अंदाज बांधला. तिची एकच तक्रार होती. फेरा चांगला झाला, पण नाल्याचा तो कोपरा, जेथे त्या मुली धुणी धूत असत, तो काही दिसला नाही, असे ती दोन-तीनदा म्हणाली.

बुधवारी मामांचा फोन आला. कोपऱ्यावरच्या उसाला तोड मिळाली आहे, टोळी आली आहे, आठवड्यात रान मोकळे होईल आणि तार काढतील, असे त्यांनी कळवले. आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि धुण्याचा दगड अजून तिथे आहे का, असे विचारले. मामा काय म्हणाले ते मला ऐकू आले नाही. येत्या रविवारी मी एकटा जाऊन तेवढा तुकडा पावलांनी मोजून येणार आहे.